बागेतल्या तळ्याचं पाणी हिरवं होतंय? या चुका टाळा

तळं हिरवं झालं की पहिला हात मोरचुदाकडे किंवा ब्लीचिंग पावडरकडे जातो. तो आवरा आणि आधी काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी भरून चोवीस तास न हलवता ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी मातीचा थर बसला आणि वरचं पाणी नितळ झालं, तर प्रश्न गढूळपणाचा आहे. पाणी तसंच हिरवं राहिलं, तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. चहासारखा रंग पण आरपार दिसतंय, तर तळाशी पानं कुजतायत. दुधट पांढरं असेल, तर जिवाणू माजलेत. हे बहुतेक नव्या तळ्यात किंवा खाणं जास्त पडल्यावर होतं. पाणी स्वच्छ आणि भिंतींना मात्र केसांसारखे झुपके लोंबतायत, तर ते तंतूंचं शेवाळ. या पाच तक्रारींची कारणं वेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसरीवर केला की पैसे आणि मासे दोन्ही जातात.

तळ्यात पाणी किती, तेही मोजून ठेवा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला 28.3 ने गुणा, लिटर मिळतात. 10 × 6 × 2 फुटांचं तळं म्हणजे साधारण 3,400 लिटर. खालची मापं याच तळ्याची धरली आहेत.

सगळं पाणी उपसून तळं घासून काढणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाणी उपसलं, भिंती ब्रशने घासल्या, नळाचं पाणी भरलं. दोन दिवस तळ दिसतो आणि पंधरवड्यात पाणी आधीपेक्षा हिरवं होतं. कारण भिंतींवरच्या, खडीवरच्या त्या बुळबुळीत थरातच तळ्याचे सफाई कामगार राहतात. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते नायट्रेट झाडं खातात. थर घासून टाकला की ही साखळी तुटते आणि नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया मोकळाच, आणि तो शेवाळाला आयता मिळतो.

त्याऐवजी आठवड्याला 10 ते 20 टक्के, म्हणजे 350 ते 700 लिटर पाणी बदला. काढायचं ते तळाशी नळी फिरवून, गाळासकट काढा आणि ते पाणी झाडांना घाला; बागेला त्याहून चांगलं पाणी नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला मत्स्यालयाच्या दुकानातलं अँटीक्लोरीन किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे वापरा. पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर 1,000 लिटर ताज्या पाण्याला 7 ग्रॅम हायपो लागतो. 10 ग्रॅम घातला तर काळजी नाही.

मोरचूद आणि ब्लीचिंग पावडर

मोरचूद शेवाळ मारतं, हे खरं. पण मेलेलं शेवाळ जातं कुठे? तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. 30 अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 7.5 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. 20 अंशाला 9 मावतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये आधीच शिल्लक कमी असते. संध्याकाळी औषध पडतं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धडपडताना दिसतात. शिवाय मृदू पाण्यात तांबं माशांना थेट विषारी ठरतं आणि गोगलगायी तर आधीच जातात. ब्लीचिंग पावडर शेवाळाबरोबर मासे आणि गाळणीतले जिवाणूही मारते. मासे असलेल्या तळ्यात या दोन्हींना जागा नाही.

शेवाळाशी समोरासमोर लढून उपयोग नसतो. त्याची रसद तोडावी लागते. त्याला तीन गोष्टी लागतात: ऊन, नत्र (अमोनिया आणि नायट्रेट ही त्याचीच रूपं) आणि स्फुरद. या कमी केल्या की ते आपोआप हटतं.

तुरटीचा मोठा खडा

तुरटी मातीच्या गढूळपणावर उत्तम आहे, हिरव्या पाण्यावर नाही. हिरव्या पाण्यात शेवाळाचे पुंजके होऊन तळाशी बसतात आणि तिथेच कुजतात. गढूळ पाण्यालाही लिटरला 10 ते 25 मिलिग्रॅम पुरते, म्हणजे आपल्या तळ्याला 35 ते 85 ग्रॅम. लोक मुठीएवढा खडा फिरवतात. 300 ग्रॅम तुरटी या तळ्यातली क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद, लिटरला साधारण 30 ते 45 मिलिग्रॅम खाली आणते. देशावरच्या बोअरच्या जड पाण्याला ते एक वेळ सोसतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच मृदू, त्यात पावसाळा. तिथे सामू (पीएच) एका रात्रीत कोसळतो.

म्हणून आधी क्षारता तपासा. मत्स्यालयाच्या दुकानात केएच नावाने तिचं किट मिळतं. 80 मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर खायचा सोडा घाला: 1,000 लिटरला 84 ग्रॅम घातला की क्षारता 50 ने वाढते. हे प्रमाण एकदम न टाकता दोन दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून घाला. तुरटीही बादलीतच विरघळवून, पंप चालू असताना, पसरून ओता. आणि पुढच्या पावसाला माती येणारच असेल तर तुरटीने काही साधत नाही. तळ्याचा काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान चार इंच वर बांधा, म्हणजे वाहून येणारं पाणी बाहेरून जाईल.

नकळत तळ्याला खत घालणं

हिरव्या पाण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून इथे वेळ द्या.

पहिलं, खाणं. 35 टक्के प्रथिनांच्या 100 ग्रॅम खाद्यात साधारण साडेपाच ग्रॅम नत्र असतं आणि त्यातला बराच मोठा वाटा पाण्यात येतो. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा टाका. मुरमुरे, पोळीचे तुकडे, बिस्किटं पूर्ण बंद. पाहुण्यांच्या मुलांनी टाकलेला मूठभर चिवडाही तळाशी जाऊन कुजतोच. मासेही मोजकेच हवेत: 3,400 लिटरमध्ये कोई असतील तर तीन, गोल्डफिश असतील तर दहा-बारा. आणताना बोटाएवढा असलेला कोई दोन-तीन वर्षांत हाताएवढा होतो, हे दुकानात लक्षात येत नाही.

दुसरं, कमळाची आणि वॉटर लिलीची कुंडी. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत शेणखत आणि कोकोपीट भरलेलं असतं. ते पाण्यात सुटतं आणि तळं तपकिरी, मग हिरवं होतं. पाण्यात ठेवायच्या टोपलीत नुसती चिकट काळी किंवा लाल माती भरा आणि वर दोन इंच धुतलेली खडी अंथरा. खत द्यायचंच असेल तर ते कागदाच्या पुडीत बांधून मुळांजवळ खोल दाबा. सुफला किंवा डीएपीचे दाणे पाण्यावर भुरभुरवणं म्हणजे शेवाळाला जेवणाचं आमंत्रण.

तिसरं, लॉन. लॉनला युरिया मारल्यावर पाऊस पडला आणि उतार तळ्याकडे असला की आठवड्यात फरक दिसतो.

चौथं, निर्माल्य आणि विसर्जन. फुलं, दूर्वा, हळद-कुंकू तळ्यात सोडू नका. घरचा शाडूचा गणपती तळ्यात विसर्जित करण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण शाडू ही बारीक चिकणमाती आहे. ती दिवसेंदिवस खाली बसत नाही आणि माशांच्या कल्ल्यांत अडकते. वेगळ्या टबात विसर्जन करा आणि ती माती नंतर कुंड्यांना घाला.

आणि एक कारण कुणी तपासत नाही: भरायचं पाणीच. शेतीच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट बरंच असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तुमचं पाणी त्याच्या आसपास असेल, तर पाणी बदलून शेवाळ कमी होणार नाही, उलट वाढेल. अशा ठिकाणी छपराचं पावसाचं पाणी साठवून वापरा. पहिल्या दोन-तीन पावसांचं मात्र सोडून द्या.

पंप आणि गाळणी

कारंजं संध्याकाळी तासभर लावलं म्हणजे पाणी फिरलं, असं नाही. गाळणीतल्या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. पंप चोवीस तास चालायला हवा. दोन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा गाळणीतून जावं, म्हणजे इथे तासाला 1,700 लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाच फूट वर पाणी चढवताना प्रवाह निम्म्यावरही येतो. म्हणून तासाला 3,000 लिटरचा पंप घ्या आणि खोक्यावरचा उंचीचा तक्ता वाचूनच घ्या. पाण्यातल्या पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच. यात तडजोड नको.

गाळणी घरी करता येते. 200 लिटरचे दोन निळे ड्रम घ्या. पहिल्यात जाड स्पंज किंवा ब्रश, गाळ अडवायला. दुसऱ्यात बायोबॉल किंवा भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, जिवाणूंना बसायला. नुसती खडी भरली तर काही महिन्यांत ती गाळाने बुजते आणि ड्रम रिकामा करून उपसावा लागतो, म्हणून ती टाळा.

स्पंज नळाखाली धुणं ही आणखी एक चूक. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि आठ दिवसांत पाणी दुधट होतं. तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज पिळा. पहिला ड्रम गरज पडेल तसा धुवा, दुसऱ्याला वर्षातून एक-दोनदाच हात लावा. दोन्ही एकाच दिवशी कधीच नाही.

वीज सहा-आठ तास जाणाऱ्या भागात बंद गाळणीत पाणी सडतं. वीज आल्यावर ड्रममधलं पहिलं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका, बाहेर सोडा. छोटा हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाकलात तर मासे तरी सुरक्षित राहतात.

यूव्ही दिवा आहे, तरी पाणी हिरवं

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, तरंगत्या शेवाळावर चालतो. भिंतीवरच्या तंतूंवर आणि मातीवर त्याचा काहीही परिणाम नाही. 4,000 लिटरला 10 वॉट हे थंड देशांतलं किमान माप. आपल्या उन्हात दुप्पट धरा. दिवा निळा दिसतोय म्हणजे काम करतोय, असं समजू नका. 8 ते 9 हजार तासांनी, म्हणजे सतत चालवल्यास वर्षभरात, त्याची जंतुनाशक किरणं कमी होतात, नळी बदला. जड पाण्यात काचेच्या नळकांड्यावर पांढरा थर बसतो. तो महिन्यातून एकदा व्हिनेगरने पुसा. पेटलेल्या नळीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

नुसती भर घालत राहणं

मे महिन्यात रोज 7 मिलिमीटर पाणी उडून गेलं, तर या तळ्यातून दिवसाला 39 लिटर जातात, महिन्याला साडेअकराशेहून जास्त. तेवढं बोअरचं पाणी घालून तळं पूर्ववत दिसतं, पण उडतं ते नुसतं पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात आणि दर आठवड्याला वाढतात. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आधी तळाचं काढा, मग घाला.

सावली आणि झाडं

पाण्याचा निम्मा ते 60 टक्के पृष्ठभाग पानांनी झाकलेला हवा. त्यासाठी वॉटर लिली सर्वांत भरवशाची. ती पसरेपर्यंत, मार्च ते मे, दुपारच्या बाजूने 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. नुसत्या त्याने फरक जाणवतो.

जलपर्णी मात्र आणू नका. ती नत्र भराभर ओढते, हे खरं. पण उष्ण हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि वैतागून कुणीतरी ती ओढ्यात टाकतं. आपल्या नद्या-तलावांची दशा त्याने काय झाली, ते डोळ्यांसमोर आहे. त्याऐवजी कर्दळ आणि वेखंड लावा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत अशाच दलदलीतल्या झाडांकडून सांडपाणी शुद्ध करून घेतात. घरी तळ्याच्या बाजूला खडी भरलेला, तळ्याच्या एक-पंचमांश क्षेत्रफळाचा उथळ वाफा करा, गाळणीतून येणारं पाणी त्यातून फिरवून तळ्यात सोडा. कर्दळीची जुनी पानं दर महिन्याला कापून तळ्याबाहेर टाका. ती कापली तरच नत्र खरोखर बाहेर जातं.

डासांसाठी औषध टाकू नका. गप्पी मासे पुरे आहेत, आणि पंपाने पाणी हलत राहिलं तर डास अंडी घालायला टाळतात. गप्पी ओढ्या-नाल्यांत मात्र सोडू नका.

मासे आणि दुपारचा सामू

हिरव्या तळ्यात शेवाळ दिवसभर कर्बवायू ओढतं, म्हणून दुपारी सामू 9 च्या वर जातो आणि पहाटे खाली येतो. 30 अंशाला सामू 7.5 असताना पाण्यातला जेमतेम अडीच टक्के अमोनिया विषारी रूपात असतो. सामू 9 झाला की 45 टक्के. सकाळी किटने तपासलेलं पाणी ठीक वाटतं आणि दुपारी मासे मरतात, ते यामुळे. अमोनिया आणि सामू दुपारी तीन-चारला तपासा. मासे पहाटे वर येत असतील तर खाणं दोन दिवस बंद ठेवा, हवेचा पंप लावा आणि 20 टक्के पाणी काढून तेवढंच, क्लोरीन काढून टाकलेलं ताजं पाणी भरा.

हे सगळं सुरू केल्यावर पाणी लगेच नितळ होणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत हिरवा रंग मळकट पिवळसर होतो. ते चांगलं लक्षण आहे, घाबरून औषध टाकू नका. पांढरी बशी दोरीला बांधून सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली दर रविवारी लिहून ठेवा. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत ती तळाला टेकूनही दिसली पाहिजे. भिंतींवर तेव्हा अर्ध्या सेंटिमीटरचा हिरवा मखमली थर राहिलेला असेल. तो खरवडू नका, मासे दिवसभर तोच टिपत असतात.