गाडी ओढत नाहीये? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय का ते असं ओळखा

गाडी स्टार्ट होते, आयडलला (म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं इंजिन चालू असताना) एकदम नॉर्मल असते, पण रस्त्यावर काढली की जीवच नाही. ॲक्सिलरेटर दाबतोय दाबतोय, आवाज वाढतोय आणि स्पीड काही वाढत नाही. असं झालं की बहुतेक जण आधी फ्युएल फिल्टर बदलतात, मग पंप, मग प्लग, आणि एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी म्हणतं की अरे कॅट (म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा) बघितला का. मी पण याच रांगेतून गेलोय, पंप बदलून झाला आणि गाडी होती तशीच, म्हणून सांगतो की आधी एक्झॉस्ट तपासा, खिशाला बरं पडतं.

आधी आत काय असतं ते थोडक्यात. एक्झॉस्टच्या पाइपमध्ये मधेच एक फुगीर डबा असतो, काही गाड्यांत इंजिनला अगदी चिकटून तर काहींत खाली फ्लोअरखाली. त्याच्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, शेकडो बारीक बारीक भोकं, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड हे सगळं तिथं कमी घातक वायूंमध्ये बदलतं. साधारण २५०-३०० डिग्री सेल्सिअसच्या वर गेल्यावरच तो नीट काम करायला लागतो. आता ही भोकं वितळून किंवा काजळीनं बुजली की धूर बाहेर जायला जागाच नाही, आणि जुना धूर बाहेर गेला नाही तर नवीन हवा आत येणार कशी. नाक दाबून धावायला लावल्यासारखं होतं इंजिनचं.

म्हणूनच पहिली खूण ही की त्रास जास्त आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) आणि लोडवर होतो. आयडलला धूर थोडाच असतो, तो कसाबसा निघून जातो, पण चढ आला, ओव्हरटेक करायचाय, गाडी भरलेली आहे, अशा वेळी एका ठरावीक आरपीएमच्या पुढे इंजिन चढतच नाही. ब्लॉकेज अजून वाढलं की स्टार्ट करून दोनतीन मिनिटांत गाडी बंद पडते, आणि थोडं थांबलं की परत सुरू होते. मायलेज पडतं ते वेगळंच.

दुसरी खूण खडखड. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं किंवा मुठीनं हलकं ठोका (थंड असतानाच, नाहीतर हात भाजेल), आत दगड भरलेल्या डब्यासारखा आवाज आला तर वीट फुटलेली आहे. यात एक गंमत आहे, फुटलेला तुकडा आत फिरत राहतो, कधी आडवा बसतो कधी सरकतो, त्यामुळे गाडी एक दिवस मरगळलेली आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत, आणि गॅरेजला नेली की हमखास ठणठणीत. तुकडे पुढे वाहत जाऊन सायलेन्सरमध्ये पण अडकू शकतात, म्हणून नवीन कॅट टाकूनही फरक पडला नाही तर तिकडे बघा.

सडक्या अंड्याच्या वासाबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो आला म्हणजे बहुतेकदा इंजिन रिच चालतंय, पेट्रोल जास्त जातंय. त्यानं कॅट खराब होऊ शकतो हे खरं, पण नुसत्या वासावरून चोक झाला असं धरू नका.

तसंच चेक इंजिन लाइट. स्कॅनरवर पी०४२० आला की लोक लगेच नवीन कॅट शोधायला लागतात. त्या कोडचा अर्थ इतकाच की कॅट पाहिजे तेवढं साफ करत नाहीये असं कॅटच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणारे) तुलना करून कॉम्प्युटरला वाटलं. एक्झॉस्टला गळती असेल किंवा सेन्सर म्हातारा झाला असेल तरी हा कोड येऊ शकतो. उलट पूर्ण चोक झालेला कॅट कधी कधी एकही कोड देत नाही.

मग खात्री कशी करायची? सगळ्यात भरवशाची टेस्ट बॅकप्रेशरची, म्हणजे अडकलेला धूर इंजिनकडे किती उलटा दाब देतोय त्याची. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा (बहुतेक वेळा २२ एमएमचा पाना लागतो, किंचित कोमट असताना सैल होतो), त्या भोकात प्रेशर गेज लावायचं आणि गाडी सुरू करायची. आयडलला साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत पाहिजे, त्याच्या बरंच वर गेलं तर पुढे कुठेतरी अडथळा आहे. गेज नसेल तर सेन्सर काढलेलाच ठेवून, गाडी उभी असताना रेस करून बघा. इंजिन एकदम मोकळं चढायला लागलं तर संशय पक्का. हे उघड्यावरच करा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि भोकातून निघणाऱ्या गरम धुराच्या समोर वायर नको.

सेन्सर निघतच नसेल तर व्हॅक्यूम गेज इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनमध्ये हवा नेणाऱ्या पाइपांना) लावा. चांगल्या पेट्रोल इंजिनला आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दिसतं. आरपीएम २५०० वर धरून ठेवा, काटा स्थिर राहिला तर ठीक, हळूहळू खाली घसरत गेला तर चोक. डिझेलला हे चालणार नाही, तिथं बऱ्याचदा डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरलेला असतो, तो वेगळाच विषय.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कॅट सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. मिसफायर होत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नसेल) तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, तापमान हजार डिग्रीच्या वर जातं आणि सिरॅमिक वितळतं. इंजिन ऑइल खात असेल किंवा हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या वरच्या भागाच्या सीलमधून) कूलंट आत येत असेल तर भोकांवर थर चढतो. म्हणून चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल, म्हणजे नुसता पेटलेला नाही तर ब्लिंक होतोय, तर ॲक्सिलरेटर सोडा आणि जमेल तितक्या लवकर थांबा, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) नाहीतर प्लग बदलणं कॅटपेक्षा खूप स्वस्त पडतं. कारण न शोधता नवीन कॅट बसवला तर तोही त्याच वाटेनं जाणार.

आतली वीट फोडून रिकामा डबा परत बसवून देतो म्हणणारे पण भेटतील. ओढ येते, खोटं नाही, पण मागचा सेन्सर लगेच बोंब मारतो, धूर विषारी होतो आणि बहुतेक देशांत ते बेकायदेशीर आहे.

आणि कॅट चोक आहे अशी शंका असेल तोवर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका, डबा लालबुंद तापलेला असू शकतो.