चेहरा मोजायला घेण्याआधी

इंदूरमध्ये फोरेन्सिकच्या एमडीला चेहऱ्याच्या मापांवरून उंची आणि लिंग ओळखण्याचा विषय घेतला असेल, तर मापं नेमकी कोणाची घेणार हे आधी ठरवा. इथल्या कितीतरी मराठी घरांची मुळं होळकरांच्या काळात महाराष्ट्रातून आलेली, शेजारी माळवी कुटुंब, पलीकडे सिंधी. एका समाजाच्या मापांवरून काढलेलं उंचीचं किंवा लिंगाचं समीकरण दुसऱ्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, म्हणून फॉर्मवर दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या मूळ गावाचा रकाना हवाच. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही माप घेऊ नका. संमतिपत्र हिंदीत असलं तरी समोर मराठी काकू असतील तर त्यांना मराठीतच नीट समजावून सांगा.

वाढ पूर्ण झालेलीच माणसं घ्या. जबड्याचं फ्रॅक्चर, चेहऱ्याची शस्त्रक्रिया किंवा पडलेले दात असतील तर वगळा, कारण दात गेले की चेहऱ्याची उंची कमी भरते.

रुंदीसाठी स्प्रेडिंग कॅलिपर (वाकड्या पायांचा, दोन टोकांमधलं अंतर मोजणारा), लांबीसाठी स्लायडिंग कॅलिपर (सरकत्या पायाचा) आणि उंचीसाठी स्टेडिओमीटर लागेल. रोज सुरू करताना शून्य तपासा. डोकं फ्रँकफर्ट पातळीत, म्हणजे कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. हा संकेत 1884 पासून चालत आलाय. उंची अनवाणी मोजा, अंबाडा सोडायला सांगा आणि रोजची वेळ एकच ठेवा; माणूस संध्याकाळपर्यंत एखाद-दोन सेंटिमीटर कमी भरतो.

हाताला खरी सवय लागते ती खुणांची. नेझिऑन म्हणजे नाकाच्या मुळाशी दिसणारा खळगा, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात कपाळाच्या आणि नाकाच्या हाडांचा सांधा बहुधा त्याच्या किंचित वर असतो, तो नखाने चाचपून पेन्सिलीने टिंब द्या. तिथून हनुवटीच्या तळापर्यंत मोजताना दात मिटलेले हवेत. दाढी असेल तर हाडाला बोट लागेपर्यंत चाचपा. झायगिऑनला, म्हणजे गालाच्या कमानीच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूला, मात्र ठरलेली जागा नाही: कॅलिपरची टोकं गालांच्या कमानींवर पुढेमागे फिरवायची आणि सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. कातडी दाबू नका. काही जणांची मापं काही दिवसांनी पुन्हा घ्या, मागचे आकडे झाकून.

आकडेमोडीत आधी लिंग, मग उंची. पुरुषांचं आणि बायकांचं समीकरण वेगळं असतं, त्यामुळे पहिलं चुकलं की दुसरंही चुकतं. गालांची रुंदी पुरुषांत सरासरीने जास्त असली तरी दोघांचे आकडे बऱ्यापैकी एकमेकांत मिसळतात. समीकरण ज्यांच्यावरून काढलं, त्यांच्यावरच तपासून पाठ थोपटून घेऊ नका. तपासणीसाठी काही माणसं आधीच बाजूला ठेवा.

एखाद्या प्रकरणात समीकरणावरून उंची 165 सेंमी आली आणि प्रमाण त्रुटी (अंदाज साधारण कितीने चुकतो तो आकडा) 5 असेल, तर दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट धरून पोलिसांना 155 ते 175 असंच लिहून द्यावं लागेल. मांडीचं किंवा नडगीचं हाड मिळालं असेल तर चेहऱ्याच्या आधी तेच मोजा. आणि जिवंत माणसांवरून काढलेलं समीकरण फुगलेल्या प्रेताला किंवा कोरड्या कवटीला लावू नका.