पावसाळाभर उभी राहिलेली कॅम्पर व्हॅन: या चुका टाळा

१ ऑक्टोबरला ताडोबाचं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, उघडतं आणि त्याआधीच्या आठवड्यात नागपुरातल्या कॅम्परवाल्यांना, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी बाळगणाऱ्यांना, एकदम जाग येते. ताडपत्री काढली, टाकी भरली, सिलिंडर ठेवला की निघाले. इंजिनाची सर्व्हिसिंग सगळे करतात. आतलं पाणी, गॅस, बॅटरी कोणी बघत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे नळाला पाणी नाही, की लगेच "पंप गेला". ओळखीतले एक भाऊ ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या अलीकडे अडकले. फोनवर म्हणे, "टाकी फुल्ल आहे, पंप घरघर करून राहिला, थोडी धार येते अन् बंद." चंद्रपूरहून नवा पंप आणून बसवलासुद्धा. तोही तसाच! म्हटलं, टाकीचं झाकण सैल करा. नळ धो-धो सुरू.

टाकीतून पाणी गेलं की त्या जागी हवा यावी लागते. ती ज्या बारीक नळीतून येते, तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर लिंपलं होतं. पाणी भरतानाच ते उलटं फसफसून अंगावर येत होतं. पण घाईत ते कोण बघतो! माती तारेने आत ढकलू नका, नळी काढून बाहेरच साफ करा. मी तर गाडी उभी करतानाच त्या तोंडाला बारीक जाळी बांधतो, वर सायकलच्या ट्यूबची रिंग. पंपाआधीची गाळणीही उघडून धुवा. एवढं झाल्याशिवाय नव्या पंपाचं नाव काढायचं नाही.

टाकीत तुरटी फिरवून "पाणी शुद्ध झालं" म्हणणारेही भेटतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. साधारण ५ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं ब्लीच घ्या: १०० लिटर पाण्याला १०० मिली. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, मग सगळं ओतून वास जाईपर्यंत धुवा. हे पाणी प्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

"गाडी चालली की बॅटरी होईल चार्ज." नाही होत, राजेहो. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची ताकद कायमची घटते. चार्जर काढून काही तासांनी मीटर लावा: १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. घरच्या आरओचं पाणी ओतणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

गॅसची गळती काडी पेटवून बघणारे अजून आहेत! साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतात. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून जमिनीलगतची झरोक्याची जाळी झुरळांच्या भीतीने बोळे कोंबून बंद करू नका.

गिझरमध्ये पाणी भरल्याशिवाय बटण दाबलं तर एलिमेंट जळालंच समजा.

टॉयलेटच्या रबरी सीलला व्हॅसलीन नको, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

आणि पहिली रात्र जंगलाजवळ नाही, घरच्या अंगणात काढा. नळ, शेगडी, दिवे, सगळं वापरून. बायको-पोरं हसतील, हसू द्या. रात्री फ्यूज उडालाच तर सीताबर्डीत दुकानं सकाळी उघडतात.