पेशी खरंच पालटल्या का? आरएनए काढून तपासताना

रक्ताच्या कॅन्सरचा एपीएल (अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) हा प्रकार पेशी मारूनच हटवावा लागतो असं नाही. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेलं पीएमएल-रारा हे प्रथिन पेशी परिपक्व करणारी जनुकं दाबून ठेवतं. एट्रा हे औषध तो दाब उठवतं. मग ती जनुकं चालू होतात आणि त्यांचा आरएनए वाढतो. खारघर-बेलापूरकडच्या प्रयोगशाळांत प्रकल्प करणाऱ्यांनी हेच एनबी४ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या एपीएल पेशींवर तपासायचं असेल, तर असं करा.

एट्रा डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, बाटलीला फॉइल गुंडाळा. उजेडात ते खराब होतं. पेशींना १ मायक्रोमोलर मात्रा ७२ तास द्या. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेवढंच नुसतं डीएमएसओ घाला, ०.१ टक्क्याच्या वर नको. हा फ्लास्क वगळला तर प्रयोगच फुकट: एचएल-६० या दुसऱ्या ल्युकेमिया पेशी तर सव्वा टक्का डीएमएसओनेच परिपक्व होऊ लागतात!

आता आरएनए काढा. ५० लाख पेशींना १ मिली ट्रायझॉल (पेशी फोडणारं द्रावण), ५ मिनिटं. मग ०.२ मिली क्लोरोफॉर्म, जोरात हलवून सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांना १२,००० जी वर १५ मिनिटं फिरवा. फ्यूम हूड हवाच. आरएनए असलेला वरचा पारदर्शक थर घेताना थोडा सोडून द्या. हाव धरलीत तर मधल्या पांढऱ्या पडद्यातला डीएनए सोबत येतो. अर्धा मिली आयसोप्रोपॅनॉल, १० मिनिटं थांबून पुन्हा १० मिनिटं फिरवा, की आरएनएची गोळी तळाशी बसते. ७५ टक्के इथेनॉलने धुवा.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत गोळी वाळायला वेळ लागतो. उरलेलं इथेनॉल पुढची अभिक्रिया अडवतं, म्हणून ट्यूब पुन्हा क्षणभर फिरवून तळाचा थेंब बारीक टिपने काढा. गोळी कडकडीत वाळवू नका, मग ती विरघळत नाही. ३० मायक्रोलिटर आरएनेझमुक्त पाणी पुरतं. घामट हातांवर आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारी विकरं, असतातच, ग्लोव्ह्ज वरचेवर बदला.

शुद्धतेसाठी २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. डीएनेझ देऊन उरलेला डीएनए तोडा आणि १ मायक्रोग्रॅम आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) करा. एका नळीत ही प्रत बनवणारं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज विकर घालूच नका. त्या नळीत पुढे क्यूपीसीआरला सिग्नल आला, तर डीएनए राहिलाय.

क्यूपीसीआरमध्ये (प्रती फेरीगणिक दुप्पट करून मोजायची पद्धत) सीडी११बी हे पेशी परिपक्व होताना वाढणारं जनुक आणि जीएपीडीएच हे तुलनेसाठीचं जनुक, प्रत्येकी तीन नळ्या. जीएपीडीएच दोन्ही फ्लास्कांत सारखं असताना एट्राच्या फ्लास्कमधलं सीडी११बी ५ फेऱ्या आधी उगवलं, तर वाढ सुमारे ३२ पट. तरी आरएनए वाढला म्हणजे पेशी पालटली असं लगेच लिहू नका. त्याच फ्लास्कमधल्या पेशी काचपट्टीवर घेऊन जिम्सा रंग द्या, केंद्रकाला खाचा पडून खंड दिसतात का पाहा.