जुनी फियाट, ॲम्बॅसॅडर ऑनलाइन घेताय? या चुका टाळा

‘1968 ची पद्मिनी, सिंगल ओनर, पेपर क्लिअर.’ अशी जाहिरात दिसली तर आधी साल बघा. पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं. 1968 मध्ये प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत होती ती फियाट 1100. म्हणजे विकणाऱ्याला गाडी माहीत नाही, किंवा तो साल मुद्दाम मागे ओढतोय. ॲम्बॅसॅडरचंही तसंच. गाडी 1950 च्या दशकाअखेरची, मार्क-2 आली 1962 मध्ये. ‘1959 ची मार्क-2’ म्हटलं की सावध व्हा.

साल मागे ओढण्यामागे पैसा आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, मुदत 10 वर्षं. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. 1990 च्या पद्मिनीला जाहिरातीत ‘विंटेज’ म्हणणं हा नुसता भाव वाढवण्याचा शब्द आहे.

आता कागद. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. ॲपवर नंबर टाकला, नाव जुळलं, झालं, असं समजणारे खूप. पण जुन्या गाड्यांच्या कितीतरी नोंदी कार्यालयातल्या रजिस्टरमधून संगणकात नंतर चढवल्या गेल्यात, त्यात चुका असतात, काहींची नोंद मुळी सापडतच नाही. गाडी कर्नाटकातली असेल तर आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे गाडीच्या नोंदीचा उतारा, काढायला सांगा. पहिला मालक, नंतरचे मालक, बँकेचा बोजा यांचा माग त्यात लागतो. जमिनीचा उतारा बघितल्याशिवाय आपल्याकडे कोणी इसार देत नाही, गाडीलाही तोच नियम लावा. कागद कन्नडमध्ये असला आणि वाचता येत नसेल, तर अंदाजाने सही करू नका, वाचणाऱ्याला शेजारी बसवा.

आपल्या भागाचा इतिहासही इथे कामाला येतो. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात गेलं. त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं 1 नोव्हेंबर 1973 ला आणि शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं 2014 मध्ये. मग 1968 च्या तारखेच्या मूळ नोंदीवर ‘कर्नाटक’चा शिक्का, किंवा 1985 च्या नोंदणी पुस्तकावर (आरसी) ‘बेळगावी’ कसं येईल? नंतर काढलेली डुप्लिकेट प्रत असेल तर गोष्ट वेगळी, पण तिच्यावर ती काढल्याची तारीख असते. तसंच केए-22, एमएच-09 या धर्तीचे नंबर 1988 च्या मोटार वाहन कायद्यानंतरचे. त्याआधीची गाडी असा नंबर घेऊन आली, तर जुना नंबर कोणता आणि बदल कधी झाला, याचा कागद मागायचाच.

मालकी बदलाचे, सह्या केलेले कोरे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म दाखवून ‘ट्रान्सफर कधीही करा’ म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. अशा गाडीचा नोंदणीकृत मालक कधीच वारलेला असू शकतो. तसं असेल तर आधी वारसांच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्याचा फॉर्म वेगळा, 31 नंबरचा.

यानंतर पत्रा. चेसिस नंबर फोटोत बघून चालत नाही. आरटीओत घेतात तशी पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) स्वतः घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. अक्षरं वाकडीतिकडी, खोली कमी-जास्त, आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवा. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणी उत्तम कारागीर आहेत आणि त्यांच्यामुळेच आपल्याकडे जुन्या गाड्या जगतात, याचा मला अभिमान आहे. पण नवी प्लेट कोरून रिव्हेट मारणं कुठल्याही वर्कशॉपला अवघड नाही, हेही ध्यानात ठेवा. प्लेटवरच्या नंबरापेक्षा पत्र्यातच ठोकलेल्या नंबरावर विश्वास ठेवा.

मुंबईहून आलेली पद्मिनी असेल तर ती टॅक्सी होती का, ते बघा. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. दरवाजाच्या रबराखाली आणि डिकीच्या कोपऱ्यात काळा-पिवळा रंग शोधा. पुढे डाव्या बाजूला बाहेरून बसवलेल्या मीटरची बुजवलेली भोकं, डिकीत गॅसच्या टाकीच्या खुणा सापडल्या, तर ‘घरची गाडी’ ही गोष्ट तिथेच संपते.

गोवा-मालवणकडची गाडी खाऱ्या हवेने, खानापूर-जांबोटीकडची पावसाने आतून कुजलेली असू शकते. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. गालिचे उचलून फ्लोअर बघायला लाजू नका. पेट्रोल गाडीत मागाहून डिझेल इंजिन टाकलेलं असेल आणि आरसीत बदल नोंदवलेला नसेल, तर ती नोंदणीच अडचणीची आहे.

कोल्हापूरची गाडी निपाणीला आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28, आणि मग चिकोडीत केए-23 ची नोंदणी व कर. हा खर्च भाव ठरवण्याआधी कार्यालयात विचारून घ्या, कारण तो जाहिरातीत कधीच नसतो.

राहिला इसार. ‘मी लष्करात आहे, कॅम्पातून बदली झाली, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी टोकन टाका’ ही बतावणी देशभर चालते, पण बेळगावसारख्या मराठा रेजिमेंटच्या गावात ती पटकन खरी वाटते. ओळखपत्राचा फोटो हा पुरावा नाही. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तीच गाडी दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने निघते. गाडी, मूळ आरसी आणि आरसीवरचा माणूस हे तिन्ही एका जागी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच असतील, तर विकणाऱ्याला समजावत बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि त्याच दिवशी बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी ती रक्कम अडवणं कठीण.