फ्रेंचसाठी कॉलेज निवडताना आधी तास मोजा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या साखळी-डिचोलीकडची मुलं विचारू लागतात, "ताई, फ्रेंच करायचंय, कुठलं कॉलेज बरं?" मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारते, तिथे तीन वर्षांत फ्रेंचचे किती तास मिळणार?

हा हिशेब सोपा आहे आणि प्रवेशाआधी प्रत्येकाने तो करावा. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा. दर सत्रात असा एकच पेपर असेल, तर सहा सत्रांत ३६० तास होतात. युरोपात भाषेच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या मानतात. त्यातल्या चौथ्या, म्हणजे बी२ ला पोचायला साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे तास शिकवणी लागते, असं धरतात. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून शिकायचं तर बहुतेक ठिकाणी बी२ मागतात. शिकवण्याचं किंवा भाषांतराचं काम करायचं असेल, तर त्याखाली भागत नाही. म्हणून प्रॉस्पेक्टसमध्ये 'फ्रेंच उपलब्ध' एवढं वाचून खूश होऊ नका. ते मेजर (मुख्य विषय) आहे, मायनर (दुय्यम विषय) आहे की नुसता एखादा भाषेचा पेपर, हे ऑफिसात जाऊन विचारा. चार वर्षांच्या पदवीचं चौथं वर्षही फ्रेंचमध्ये तिथेच करता येतं का, तेही विचारा.

दुसरी गोष्ट वर्गाची. गोव्यात बरीच मुलं आठवीपासून बारावीपर्यंत फ्रेंच घेतात. मराठी शाळांतून आलेल्या आमच्यासारख्यांना मात्र पहिलं अक्षर कॉलेजातच भेटतं. दोघांना एकाच बाकावर बसवलं तर एकाला कंटाळा येतो, दुसऱ्याची दमछाक होते. नवशिक्यांसाठी वेगळी तुकडी किंवा जादा तास आहेत का, हे स्पष्ट विचारायला लाजू नका. आणि बारावीच्या गुणांनी दडपूनही जाऊ नका. नव्वदच्या पुढे गुण असलेली मुलंसुद्धा समोर फ्रेंच माणूस आला की गप्प होतात, कारण पेपर लिहिण्याचा सराव असतो, बोलण्याचा नसतो. व्याकरणात तर आपण मुळीच मागे नाही. टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी म्हटल्यावर इंग्रजीतून शिकणारा गोंधळतो. तो-ती-ते घेऊनच वाढलेल्या आपल्याला त्यात नवल वाटत नाही, फक्त लिंगं नव्याने पाठ करावी लागतात.

इमारत, कॉलेज तपासणाऱ्या नॅकने दिलेला दर्जा, वार्षिक संमेलनाचे फोटो यांपेक्षा मला एक परीक्षा जास्त भरवशाची वाटते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी दहा मिनिटं बोला. वर्गात शिक्षक फ्रेंचमध्ये बोलतात की इंग्रजीत समजावतात? ऐकण्याचा सराव होतो की फक्त नोट्स उतरवून घ्यायच्या? शिक्षक कायम आहेत की लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पगारावर, तेही कळू द्या. लेक्चर बेसिसवरचे शिक्षक उत्तम असू शकतात, मला तसे लाभलेही. पण दर वर्षी माणूस बदलला की मुलांची घडी विस्कटते.

पणजीत अलियान्स फ्रान्सेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, ही गोव्यातल्या विद्यार्थ्याची मोठी सोय. पदवी आणि तिथले वर्ग जोडीने केले तर तासांची तूट भरून निघते. मात्र संध्याकाळच्या वर्गाआधी परतीच्या बसचं बघा. वाळपई, पेडणे किंवा काणकोणच्या मुलीला वर्ग संपल्यावर घरी जायला कदंबची बस मिळते का, हा प्रश्न कॉलेजच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. घरच्यांशी तो आधीच बोलून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत वर्ग सुटतो. रोज जाणं जमत नसेल तर आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या दहा मिनिटांच्या असतात, त्या बसमध्ये ऐका.

पदवीबरोबर डेल्फ ही फ्रेंच भाषेची परीक्षा द्याच. हे प्रमाणपत्र फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय देतं आणि ते आयुष्यभर चालतं. टीसीएफ, टेफ या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षांची मुदत दोन वर्षांचीच असते. डेल्फ उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० गुण लागतात, पण चारपैकी कुठल्याही भागात २५ पैकी ५ पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे लेखनाच्या जोरावर तोंडी परीक्षा टाळता येत नाही.

एमएसाठी ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. बाहेर जायची तयारी असेल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, हैदराबादचं इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ, दिल्लीचं जेएनयू हे पर्याय बघा. जेएनयूत पदवीलाच फ्रेंच ऑनर्स आहे, त्यासाठी बारावीतच सीयूईटी या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरावा लागतो. निकालानंतर विचार सुरू केला तर ते वर्ष गेलं. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर एमएनंतर नेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा धरून चाला. गोव्यात सरकारी नोकरीसाठी कोंकणी लागते, तेव्हा फ्रेंचच्या नादात ती लिहायची-वाचायची सवय सोडू नका.