संग्रहालय एका दिवसात उरकू नका

मुंबईतल्या काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एका फेरीत सगळं बघायचा हट्ट सोडा. एका वेळी एकच दालन घ्या, त्यातही दोन-तीन चित्रांपुढे निवांत थांबा. लघुचित्रं तर अगदी जवळूनच बघावीत. बसोहली या जम्मूकडच्या लघुचित्रशैलीत दागिन्यातला पाचू दाखवायला भुंगेऱ्याच्या पंखाचा तुकडा चिकटवत. चित्रापुढे थोडं डावी-उजवीकडे सरकलं की तो हिरवा चमकतो. पुस्तकातल्या छापील चित्रात ही गंमत नाही.

आवड लागली की तिथेच स्वयंसेवक म्हणून काम आहे का, ते शिक्षण विभागात विचारा. वेळ थोडाच द्या, पण ठरलेला वार चुकवू नका. शाळेच्या मुलांना सोबत करण्याइतकं आनंदाचं काम नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यांना माहिती सांगत सुटू नका, ‘तुला काय दिसतं?’ एवढंच विचारा. पोरं चित्रातल्या कोपऱ्यातलं माकड आपल्याआधी शोधतात!

जवळच १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आहे, प्रवेश मोफत. तिथे बऱ्याचदा चित्रकार स्वतः बसलेले असतात. बिनधास्त बोला.